सात थरांची वाकळ: सोळावा फेरा

पाडव्यानंतरच्या आठवड्यात अंथरलेली मोठी वाकळ सोळाव्या फेऱ्यावर आली. फेरा म्हणजे कडेने चारही बाजूंना घातलेली टाक्यांची एक ओळ, दरवेळी इंचभर आत. एकूण फेरे २६. दहा बाकी म्हटल्यावर बरंच काम राहिल्यासारखं वाटतं, पण फेरा आत सरकेल तसा आखूड होत जातो. ५३ × ७७ इंचांतून दोन्ही बाजूंनी सोळा-सोळा इंच गेले की मधे २१ × ४५ चा तुकडा उरतो. म्हणजे दोऱ्याच्या हिशेबाने पाऊणहून जास्त वाकळ शिवून झाली. तरी खरी परीक्षा आत्ताच आहे, कारण झोळ येतो तो मधेच.

आधी साहित्य. आतले थर पाच. एक नऊवारी आणि एक सहावारी, दोन्ही सुती, दोन्ही वापरून मऊ झालेल्या. साडेपाच मीटरच्या साडीतून ८० इंचांचे दोन तुकडे निघतात आणि ५६ इंच उरतं. या उरलेल्याच्या ११ इंच रुंदीच्या चार पट्ट्या करायच्या, दोन-दोन जोडून लांबी भरायची आणि ४५ च्या पन्ह्याला एक इंच चढवून लावायच्या. झाले ५५ × ८० चे दोन थर. नऊवारीतून तीन निघतात, आणि तिथे उरलेला तुकडाच ८४ इंचांचा असल्याने पट्टीला जोड लागत नाही. जोड नेहमी एकावर एक सपाट चढवून घालावा, उलटा शिवून दुमडू नये. दुमडलेली शिवण आत दोरखंडासारखी लागते. एका थराचा जोड डावीकडे आला तर पुढच्याचा उजवीकडे टाकायचा.

साडी कापण्याआधी उजेडात धरून बघायची. बसण्याच्या जागी आणि निऱ्यांच्या खालच्या बाजूला ती हमखास विरलेली असते. दोन्ही अंगठ्यांनी ताणून बारीक चर्रर्र आवाज आला तर तेवढा भाग बाद. विरलेला तुकडा आत खपून जाईल म्हणून घातला की दोन धुण्यांत त्याचे गोळे होतात आणि वाकळ तिथे पोकळ लागते. असं कापड पायपुसण्याला ठेवावं किंवा भांडेवालीला द्यावं.

खालचा थर मांजरपाटाचा, ३६ पन्ह्याचा, पावणेपाच मीटर. हा कोरा असल्याने सगळ्यात धोक्याचा. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के सहज आटतं, खळ असलेला मांजरपाट त्याहून जास्त. ८४ इंचांवर पाच टक्के म्हणजे चार इंच झाले. न धुता लावला तर शिवून झाल्यावर खालचा थर आटतो, वरच्या जुन्या साड्या आटत नाहीत, आणि पहिल्या धुण्यानंतर अख्खी वाकळ फुटाण्यासारखी फुगते. त्यावर नंतर इलाज नाही. रात्रभर भिजत घालायचा, सकाळी कोमट पाण्यात चुबकून खळ काढायची, वाळवायचा, आणि हे दोनदा. लातूरकरांना पाण्याचं वेगळं सांगायला नको, २०१६ साली इथे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. त्यामुळे भिजवण्याचा क्रम ठरलेला: एकाच पाण्यात आधी मांजरपाट, मग फिक्या साड्या, शेवटी गडद तुकडे. तेच पाणी पुढे झाडांना.

लाल आणि जांभळ्या खणांचा मात्र कशावरच भरवसा ठेवू नये. ओल्या पांढऱ्या चिंधीवर तुकडा ठेवून गरम इस्त्री दाबायची. चिंधीला रंग लागला तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत तो तुकडा वेगळा धुवायचा. मिठाच्या पाण्यात घातला की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण आलेल्या तुकड्यांपैकी एकाचाही रंग मिठाने थांबला नाही.

वरचा थर सहा घरांतून आला. साडेसहा इंचांचे चौकोन, शिवण धरून सहाचे. आडवे ९, उभे १३, म्हणजे ११७. प्रत्येकीने २० द्यायचे ठरले होते, म्हणून १२० जमले. औसा, उदगीर, परभणी, पैठण आणि लातुरातली दोन घरं. पहिल्या वर्षी पुठ्ठ्याचा नमुना फिरवला होता. वीसेक चौकोन आखले की पुठ्ठ्याचे कोपरे झिजतात आणि शेवटच्या घरात पोचेपर्यंत चौकोन गोलसर व्हायला लागतो. यंदा जुन्या एक्स-रे फिल्मचे सहा नमुने एकाच पट्टीने कापून सगळीकडे पाठवले. खडूची रेघ जाड असते, म्हणून कात्री रेघेच्या आतून चालवायची हेही सांगून ठेवलं.

तरीही फरक पडलाच, तो शिवणीत. पाव इंच म्हणजे दोन सूत. कुणी अडीच सूत धरते. अर्ध्या सुताने काय होतं, असं वाटतं. उभ्या ओळीत १२ जोड आणि जोडाच्या दोन बाजू, म्हणजे १२ सूत: ओळ दीड इंच आखूड. शेजारची ओळ बरोबर असली तर दोन्हींचे कोपरे जुळत नाहीत. मशीनच्या पट्टीवर, सुईपासून बरोबर पाव इंचावर चिकटपट्टीचे चार-पाच थर देऊन कड करायची आणि कापड तिला टेकवून चालवायचं. ज्या घरात ही कड केली, तिथल्या ओळी एकमेकींत बसल्या.

पाच चौकोन टेरिकॉटचे निघाले. ओळखायला कडेचे चार धागे ओढून जाळायचे. सुताचा वास कागद जळल्यासारखा येतो आणि राख बोटांत विरते. टेरिकॉट वितळून काळा कडक मणी होतो. जादा तीन होते, दोन नवे कापले. देणारणीला यात कमीपणा वाटू नये म्हणून ते पाच पिशवीच्या अस्तराला लावलेत, फेकले नाहीत.

पैठणहून आलेल्या पुडक्यात जुन्या पैठणीच्या काठाचे दोन तुकडे आणि हिमरूचा एक होता. तिन्ही बाजूला ठेवले. जर अंगाला टोचते आणि धुण्यात काळवंडते. हिमरूत सुती ताण्यावर रेशमी बाणा असतो आणि नक्षीचे धागे मागे मोकळे सुटलेले असतात. कापलं की ते धागे ओढले जातात आणि वेल उसवत जाते. असं कापड उशीच्या खोळीवर मागून अस्तर देऊन शोभतं. रोज अंगावर घ्यायच्या वाकळीत त्याचं काम नाही.

आता अंथरणं. वाकळ बिघडते ती इथे, सुई हातात घेण्याच्या आधीच. मांजरपाट उलटा टाकायचा, दोन्हीकडे दोन इंच जास्त. कापड ताणायचं नाही, फक्त सपाट करायचं. ताणून कोपऱ्यावर पाटा-वरवंटा ठेवला की ते तसंच राहतं. वजन उचललं की मूळ मापावर येतं आणि वरचे थर सुरकुततात. प्रत्येक थर हातांनी मधून कडेकडे सारायचा. एकीने एका टोकाहून आणि दुसरीने दुसऱ्या टोकाहून सारलं की हवा मधे अडकते, म्हणून दोघींनी मधे पाठीला पाठ लावून बसायचं आणि बाहेर सारत जायचं. कच्चे टाके आधी फुलीत, मग मुठीएवढ्या अंतरावर आडवे-उभे. हा कंटाळवाणा भाग आहे आणि सगळ्या तोच उरकतात. वितीएवढ्या अंतरावर घातलेल्या कच्च्या टाक्यांची वाकळ आणि मुठीएवढ्या अंतराची वाकळ शेजारी ठेवली तर दहाव्या फेऱ्याला फरक दिसतो.

खालच्या कापडाची कड वर दुमडून पहिला फेरा त्यावरूनच घातला, वेगळी मगजी (कडेची पट्टी) लावली नाही. चारही कोपऱ्यांतून खडूची तिरकी रेघ आत ओढून ठेवली. प्रत्येक फेरा त्या रेघेवरच वळतो, नाहीतर कोपरे हळूहळू गोल होतात. ओळींत अंतर एक बोट, म्हणजे इंचभर, टाके इंचाला चार. सात थरांतून याहून बारीक टाका खाली पोचत नाही, वरवर दिसतो तेवढाच. दोरा सुती, दुहेरी, मेणावरून ओढलेला, दोन हात लांब. त्याहून लांब घेतला की गुंततो. क्षेत्रफळाला ओळीतल्या अंतराने भागलं की शिवणीची लांबी मिळते: ४०८१ इंच, म्हणजे १०४ मीटर. दुहेरीचे २०८ आणि गाठी-टोकांसह २५० मीटर धरावा. टेरिलीनचा दोरा मजबूत असतो हाच त्याचा दोष. ओढ बसली तर दोरा तुटावा, कापड फाटू नये. तुटलेली ओळ पुन्हा घालता येते.

दाभण घेऊ नये, साडीच्या पातळ कापडाला भोकं राहतात. लांब, मध्यम जाडीची सुई आणि मधल्या बोटात अंगुस्तान. दहानंतर गच्चीवर बोटांना घाम सुटतो आणि सुई अडते. सुईला टाल्कम पावडर लावली की सरकते. तसंही या दिवसांत सहा ते साडेनऊ एवढीच बैठक होते.

चौघी चार बाजूंना बसतात. सहाव्या फेऱ्यानंतर मापलं तर एक लांब बाजू दीड इंच आत आलेली. तिथल्या हाताची ओढ घट्ट होती, एवढंच. दुसरीचे टाके उसवायचे नाहीत असा इथला नियम आहे. म्हणून सातव्या फेऱ्यापासून प्रत्येक फेऱ्याला एक-एक जागा पुढे सरकायचं ठरलं. आता घट्ट आणि सैल हात चारही बाजूंना वाटला जातो, आणि लांब बाजूचं जास्तीचं कामही एकीच्याच वाट्याला राहत नाही. दहाव्या फेऱ्याला फरक पाऊण इंचावर आला. डावखुऱ्या हाताची एकजण आहे, ती उलट्या दिशेने येते आणि कोपऱ्यावर शेजारणीला भेटते. तिथे दोन्ही दोरे एकाच भोकातून आत घेऊन गाठ थरांत दडवायची. वाकळ पुरी झाल्यावरही कोणती ओळ कुणाची हे टाक्यावरून कळतं. उदगीरच्या काकूंचा टाका तांदळासारखा, खालून-वरून सारखा.

कडेकडून मधे शिवत आलं की प्रत्येक फेरा थोडी ढील आत लोटतो. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदीही (त्यांची वाकळ) कडेकडूनच शिवतात, पण त्या वरचे तुकडे जाता जाता लावतात. म्हणून ढील प्रत्येक तुकड्यासोबत मुरते. आपला वरचा थर आधीच अख्खा जोडलेला, त्याला मुरायला जागा नाही. दर दोन फेऱ्यांनी वाकळ सपाट टाकून मधे तळहात फिरवायचा. फुगा दिसला तर चिमटीत धरून बघायचं. नुसतं वरचं कापड चिमटीत आलं तर दोष वरच्या थरात. सगळे थर एकदम आले तर कच्चे टाके सुटलेत.

सोळाव्या फेऱ्याला मधल्या खणाच्या चौकोनापाशी अर्ध्या बोटाचा फुगा आहे, वरच्याच थरात. पुढच्या दोन फेऱ्यांत टाके बारीक करून बहुतेक मुरेल. बोटाएवढा झाला तर त्या चौकोनाची एक शिवण चार इंच उसवायची, जास्तीचं कापड आत दुमडायचं आणि लपत्या टाक्याने बंद करायचं. तिथे ठिगळ लावलं तरी कुणाला कळणार नाही. वाकळ म्हणजे ठिगळंच की.

बाळंतविड्याची दुपटी चारपैकी तीन झाली. ३० × ३६, जुन्या धोतराचे तीन थर, ओळी दीड बोटावर. गाठ वर ठेवायची नाही, जर किंवा टिकली कुठेही नाही, आणि देण्याआधी दोनदा धुवून उन्हात.

मशीनवरची वाकळ अडलीय. काळ्या पायमशीनच्या मानेत साडेसहा इंचांची जागा, त्यात गुंडाळी मावत नाही म्हणून १८ इंचांच्या तीन पट्ट्या वेगळ्या शिवून जोडायचा बेत होता. पहिल्याच पट्टीला शेवटी चुण्या पडल्या. खालचे दात खालचं कापड पुढे नेतात, वरचं दाबपट्टीखाली मागे राहतं. दीड मीटरवर ते इंचभर साचतं. दांड्यावरचा स्क्रू डावीकडे दोन फेरे सैल करून दाब कमी केला, सुई १६ ऐवजी १८ ची घातली, टाका मोठा केला. चुण्या निम्म्यावर आल्या. आता एक ओळ वरून खाली आणि पुढची खालून वर अशी न घालता सगळ्या एकाच दिशेने घालून बघायच्यात. उलटसुलट ओळींनी पट्टी पिळवटते, हे पहिल्या पट्टीवर स्पष्ट दिसतंय.

मोठी वाकळ मृगाच्या आधी धुवून वाळली पाहिजे. सात थर पावसाळ्यात वाळत नाहीत, कुबट वास बसतो. कोरडं वजन पावणेदोन किलोच्या आसपास, ओली एकटीला उचलवत नाही. एका दोरीवर टाकली तर सगळा भार एकाच ओळीवर येऊन टाके खेचले जातात. दोन दोऱ्या हातभर अंतरावर, नाहीतर बाज. बाज औशाहून येणार आहे.