चुलीवरचा रस्सा

रविवारी सकाळी मिसळ खायला बाहेर पडायचं, हा नाशकातला अलिखित नियम. आम्ही मखमलाबादच्या बाजूला जातो. तिथे रश्श्याचं पातेलं चुलीवरून खाली उतरतच नाही. खाली मंद आच, वर तर्री थरथरत असते. मला ती बघत उभं राहायची खोड आहे. बायको म्हणते, "अहो, पातेल्याचं दर्शन झालं असेल तर पाव सांगा."

घरी आमची पद्धत वेगळी. उरलेला रस्सा फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी पुन्हा गॅसवर. विश्वजन्माची नेहमीची गोष्ट या फ्रीजवाल्या रश्श्याची आहे. १९८१ साली भौतिकशास्त्रज्ञ ॲलन गूथ यांनी मांडलं की सुरुवातीला विश्व क्षणाच्याही अतिसूक्ष्म अंशात अफाट फुगलं. फुगता फुगता पार गारठलं, आणि फुगणं थांबल्यावर पुन्हा तापलं. कुठे दाट, कुठे विरळ हा फरक त्या गारठ्यातल्या पुंजीय (क्वांटम, म्हणजे अतिसूक्ष्म पातळीवर आपसूक होणाऱ्या) हेलकाव्यांतून आला आणि पुढे त्याच्याच दीर्घिका झाल्या.

१९९५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ अर्जुन बेरेरा यांनी दुसरी शक्यता पुढे आणली: मधे गार व्हायलाच कशाला हवं? विश्वाला फुगवणारं क्षेत्र (अवकाशभर पसरलेली ऊर्जा म्हणा) जास्त ऊर्जेकडून कमीकडे, जणू उतारावरून, घसरताना इतर कणांशी घासत असेल, तर त्याची ऊर्जा झिरपून उष्णता होत राहील. प्रसरण ती पातळ करणार, घर्षण नवी घालणार. पातेलं चुलीवरच.

यातली मला भावलेली गोष्ट मात्र जुनी आहे, १९०५ सालची, आइन्स्टाइन यांची. पाण्यातल्या बारीक कणाला सगळ्या बाजूंनी रेणूंचे धक्के बसतात. त्या धक्क्यांनीच तो थरथरतो आणि त्यांनीच त्याची चाल अडते. अडवणारे आणि नाचवणारे एकच! म्हणून जिथे ऊर्जा घर्षणात जिरते, तिथे थरथर आलीच. उबदार विश्वातही तसंच. तापमान प्रसरणाच्या दरापेक्षा वरचढ असेल (दोन्ही एकाच मापात मोजून), तर उष्णतेचे हेलकावे पुंजीय हेलकाव्यांना झाकून टाकतात आणि घनतेतला चढउतार ठरवतात.

आच सांभाळणं सोपं नाही, हा आक्षेपही काही वर्षांतच आला. उष्णता त्या उताराचाच आकार बिघडवू शकते. उतार बिघडला की फुगणं आटोपलं.

आज आकाशात उरलेली ऊब निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम २.७ अंश. तिच्यातला फरक लाखात एक. तेवढ्यावरून चूल होती की फ्रीज, हे कळत नाही. आदिम गुरुत्वीय लहरी (त्या फुगण्यात अवकाशावरच उठलेले तरंग) सापडल्या तर कदाचित कळेल: उष्णता घनतेचे हेलकावे वाढवते, पण या लहरींना सहसा हात लावत नाही, म्हणून उबदार विश्वात त्यांचं प्रमाण तुलनेनं कमी भरायला हवं. त्या अजून सापडलेल्या नाहीत. अर्थात, सापडत नाहीत म्हणून चूलच खरी, असं म्हणणं लबाडीचं होईल. माझा कल चुलीकडे आहे, तो निव्वळ चवीमुळे.

एवढ्यात मालकानं पातेल्यात तांब्याभर गरम पाणी ओतलं. तर्री पांगली, कडेला गेली, मग ठिपक्याठिपक्यांनी पुन्हा जमू लागली. वळून बघतो तर माझ्या ताटातला एक पाव गायब.