केसचं सांगायचं की लपवायचं?

तुरुंगातून सुटून आलेला माणूस स्वतः हे क्वचितच विचारतो. विचारते त्याची आई, नाहीतर बायको. "ताई, कामाच्या अर्जात केसचं लिहायचं का? लिहिलं तर दारात तरी कोण उभं करेल?" सुटलेल्या बंद्यांच्या पुनर्वसनाचं काम करते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. परवा तुम्हीही तुमच्या मुलासाठी विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मी विचारते, निकालपत्र कुठंय? बहुतेक घरांत ते नसतंच. वकिलाकडे राहिलेलं असतं, नाहीतर कुणी मागितलेलंच नसतं. कोर्टातून प्रमाणित प्रत काढा आणि शेवटचा आदेश कुणाकडून तरी नीट वाचून घ्या. पुढचं सगळं त्यावर ठरतं. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, म्हणजे 1958 च्या परिविक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली सोडलं असेल, तर त्याच कायद्याचं कलम 12 तुमच्या बाजूनं आहे. दोषी ठरल्याची नोंद पुसली जात नाही, पण तिच्यामुळे कायद्यानं येणारी अपात्रता लागत नाही. गुन्ह्याच्या वेळी वय 18 च्या आत असेल आणि केस बालन्याय मंडळापुढे चालली असेल, तर 2015 च्या बालन्याय कायद्याचं कलम 24 असंच संरक्षण देतं. कायद्यानं मोकळी असलेली पोरं "आपल्यावर शिक्का आहे" म्हणून भरतीचा अर्जच भरत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

आता अर्जाचं. विचारलं असेल तर खरं लिहायचं. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात, म्हणजे स्वतःची माहिती भरून द्यायच्या फॉर्ममध्ये, अटक, खटला आणि शिक्षा यांबद्दल वेगवेगळं विचारतात. प्रत्येकाचं उत्तर वेगळं द्या. 2016 मध्ये अवतार सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की उमेदवारानं दिलेली माहिती खरीच असली पाहिजे. किरकोळ प्रकरण लपवलं असेल तर नेमणूक करणारा ते सोडून देऊ शकतो, पण खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी असंही नाही. हे कठोर आहे. तरीही लपवून लागलेली नोकरी पडताळणीत गेली, की माणूस दुसऱ्यांदा कोसळतो आणि मग त्याला उठवणं फार जड जातं.

"निदान वॉचमन तरी लावा" असं सगळेच म्हणतात. नेमकं तेच दार बंद आहे. खासगी सुरक्षा एजन्सींच्या 2005 च्या कायद्यानं शिक्षा झालेल्या माणसाला गार्ड म्हणून ठेवता येत नाही. त्यामागे महिने घालवू नका.

त्यापेक्षा जिथं आधी हात बघतात तिथं जा. येरवड्याच्या कारखान्यात सुतारकाम शिकलेला एक जण फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये गेला. मालकानं विचारलं, "इतकी वर्षं कुठं होतास?" तो म्हणाला, "येरवड्याला. शिक्षा होती, पूर्ण झाली. काम तिथंच शिकलो." मालक गप्प. मग त्यानं सागाची एक फळी पुढे सरकवली. यानं रंधा मारला, सांधा बसवला. मालकानं काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला, फळी उलटून पुन्हा लावला, आणि म्हणाला, "सोमवारपासून ये. पण हे कारागिरांना मी सांगणार, तू नाही." मला तो मालक फार मोठा वाटला. केस काय होती, हे त्यानं नंतर एकट्यात विचारलं.

असा मालक प्रत्येकाला भेटत नाही, हेही खरं. छोट्या कारखान्यात अर्ज नसतो, कुणी विचारतही नाही. तिथं पहिल्याच वाक्यात केस सांगू नका. पण गल्ल्याची किंवा किल्लीची जबाबदारी द्यायची वेळ आली, की मालकाला आधी त्याच्याच तोंडून कळू दे. गावात बातमी पोचतेच.

मुंबई-ठाण्याकडे असाल तर टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प 1990 पासून हेच काम करतोय, त्यांना भेटा. इतरत्र जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्याला गाठा. जाताना निकालाची प्रत, सुटकेचा दाखला, आधार कार्ड आणि आत केलेल्या कामाचं काही प्रमाणपत्र असेल तर ते घ्या. मुलाला सोबत न्या. बोलू दे त्यालाच.