तुम्ही विचारलंत म्हणून : थरथर, साखर आणि हिंगाची डबी

जिन्यात चपला घालता घालता विचारतात, भाजीवाल्यापाशी विचारतात, लग्नाच्या पंगतीत तर हमखास. "तुम्ही गहू खात नाही ना? मग एक विचारू का? मीही बंद केलाय हो. पण हल्ली अकरा-साडेअकराला एकदम हातपाय कापायला लागतात, दरदरून घाम फुटतो. काहीतरी तोंडात टाकलं की बरं वाटतं. शुगर कमी होत असेल का?"

असेल. नसेलही. मी उलट विचारते, "बोट टोचून पाहिलंत?" आजवर दोघीच 'हो' म्हणाल्या. बाकीच्यांनी आधी राजगिऱ्याचा लाडू खाल्लेला असतो. लाडू खाल्ला की पुरावा पोटात गेला.

त्यांना हसायचा मला काही अधिकार नाही. मीही महिनोन् महिने लाडूच खाल्ले.

सदाशिव पेठेत घरीच मी दहावीच्या गणिताचे क्लास घेते. 2016 साली मला सिलिॲक निघाला. आमच्याकडे त्याला 'गव्हाची ॲलर्जी' म्हणतात आणि मीही आता दुरुस्त करायचं सोडून दिलंय. पण ती ॲलर्जी नव्हे. गहू आणि जव यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठते. गोळी नाही, इंजेक्शन नाही, जन्मभर ग्लुटेन बंद, एवढाच उपाय.

बंद करणं मला वाटलं त्यापेक्षा सोपं गेलं, कारण मराठी स्वयंपाकघरात उपासाचं एक आख्खं फडताळ तयारच असतं. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, बटाटे. जोडीला पोहे, घावन, तांदळाची उकड. एकादशी अन् दुप्पट खाशी, तेही वर्षाचे 365 दिवस! यात ग्लुटेन नाही या आनंदात मी इतकी होते की यात दुसरं काय आहे हे पाहिलंच नाही. बाजारात ग्लुटेनमुक्त ब्रेड मिळाला तेव्हा तर पेढे वाटायचे बाकी होते. त्याच्या पाकिटावर मागे टॅपिओका स्टार्च, बटाट्याचा स्टार्च, मक्याचा स्टार्च आणि साखर लिहिलेलं होतं. टॅपिओका म्हणजे साबुदाण्याचाच सख्खा भाऊ.

2018 च्या उन्हाळ्यात एका सकाळी वर्गसमीकरणाचं सूत्र फळ्यावर लिहीत होते, तर वर्गमुळाचं चिन्ह सापासारखं वळलं. हात कापत होता. पाठ घामाने भिजली, पोटात खड्डा पडला, आणि समोरच्या मुलांवर उगाचच भयंकर राग आला. एकाने पाणी आणलं, एकीने दप्तरातून लिमलेटची गोळी काढून दिली. पाच मिनिटांत बरं वाटलं. आता विचार केला की वाटतं, नुसती खुर्चीत टेकले असते तरी वाटलं असतं. पण तेव्हा श्रेय गोळीला गेलं आणि निदानही तिथेच पक्कं झालं.

सासूबाईंचं निदान वेगळं होतं. "अगं, पित्त आहे ते. आमसुलाचं पाणी घे." आमच्या घरात डोकेदुखीपासून दहावीच्या निकालापर्यंत सगळं पित्तानेच होतं.

माझ्या निदानाला शास्त्र होतं, हा माझा तोरा. पांढरा पिठूळ पदार्थ नुसता खाल्ला की रक्तात साखर भरभर चढते, तिला उतरवायला स्वादुपिंड भसकन इन्सुलिन सोडतं, ते अंमळ जास्त होतं आणि दोन ते चार तासांनी साखर प्रमाणाबाहेर उतरते. मग शरीर ॲड्रिनलिन सोडून भोंगा वाजवतं. थरथर, घाम, धडधड, चिडचिड हा तो भोंगा. आठला पोहे आणि साखरेचा चहा, अकराला कापरं. गणिताच्या बाईला आणखी काय हवं? सिद्धता पूर्ण.

त्या सिद्धतेत एकच गोष्ट नव्हती, मोजमाप. ते सुचवलं आमच्या फॅमिली डॉक्टरांनी, तेही जरा कंटाळूनच. "मॅडम, मुलांना पायऱ्या न लिहिता उत्तर लिहिलं तर मार्क देता का? मीटर घ्या, वही घाला."

वही घातली. वेळ, आधी काय खाल्लं आणि किती वाजता, काय होतंय, मीटरचा आकडा, खाल्ल्यावर पंधरा मिनिटांनी पुन्हा आकडा. पहिल्याच आठवड्यात मीटरने 196 दाखवले आणि माझी पाचावर धारण बसली. कारण असं की चिकू सोलून हात न धुता बोट टोचलं होतं. बोटाला लागलेला फळाचा रसही पट्टीला साखरच वाटतो. हात साबणाने धुऊन, कोरडे करून घेतले तेव्हा 101.

पाच आठवड्यांत थरथरीच्या 19 नोंदी झाल्या. त्यांतल्या 16 वेळा साखर 80 ते 110 च्या मध्ये, म्हणजे अगदी गुण्यागोविंदाने. खाली होती फक्त तीनदा: 63, 58 आणि 61. एकदा गुळाबरोबर घावन, एकदा तो ब्रेड आणि जॅम, एकदा साबुदाण्याची खिचडी, आणि तिन्ही वेळा खाल्ल्यानंतर अडीच-तीन तासांनी. ज्वारीची भाकरी आणि उसळ खाल्ली त्या दिवशी आकडा एकदाही उतरला नाही. मात्र थरथर त्या दिवशीही दोनदा झाली होती. हे वहीत माझ्याच अक्षरात होतं, तरी मला पचायला दोन दिवस लागले.

डॉक्टरांनी वही उलटसुलट पाहिली. म्हणाले, व्हिपल नावाच्या अमेरिकन सर्जनने 1938 मध्ये घालून दिलेली तीन कलमं आजही चालतात. लक्षणं हवीत, त्याच वेळी मोजलेली साखर खरोखर कमी हवी, आणि साखर वर आली की लक्षणं जायला हवीत. तिन्ही एकत्र जुळली तर पुढचं बोलायचं. मधुमेह नसलेल्या माणसात 'कमी' म्हणजे 55 च्या खाली, आणि तेही प्रयोगशाळेत शिरेतून काढलेल्या रक्तात. घरचं मीटर या पट्ट्यात पंधरा आकडे इकडेतिकडे दाखवू शकतं, आणि तरीही ते मापात आहे असंच धरतात. म्हणजे माझे 58 हे 70 सुद्धा असू शकत होते. मी विचारलं, ते ग्लुकोज पाजून पाच तास रक्त काढत बसवतात ती टेस्ट करू का? "नको. नुसतं ग्लुकोजचं पाणी ढोसलं तर धडधाकट माणसाचीही शुगर त्यात खाली जाते. तुम्ही ग्लुकोजचं पाणी जेवता का?"

"मग उरलेल्या 16 वेळांचं काय?" मी विचारलं.

त्या सोळांचं उत्तर रक्ताच्या दुसऱ्याच तपासणीत सापडलं. हिमोग्लोबिन 9.6. बायकांना किमान 12 हवं. फेरिटिन, म्हणजे लोहाची शिल्लक, जवळजवळ तळाला. थकवा, धडधड, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, जिना चढताना धाप, हे सगळं त्याचं होतं. सकाळी दोन तास उभं राहून शिकवायचं, पोटात नुसते पोहे, रक्तात लोह नाही. अंग कापलं नसतं तरच नवल. आणि मी आपली साखर चघळत होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पण दोन वर्षं ग्लुटेन सोडलेल्या बाईचं लोह कमी का, हा प्रश्न त्यातूनच निघाला. लोह शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात आणि सिलिॲक घाव घालतो तोही तिथेच. आतडं भरून आलं असतं तर लोह चढायला हवं होतं. टीटीजीची, म्हणजे सिलिॲकची रक्ततपासणी पुन्हा केली. आकडा अजून चढाच होता. म्हणजे ग्लुटेन कुठून तरी पोटात जातच होतं.

मला फार राग आला. ज्या बाईने आठवड्याच्या बाकरवडीवर पाणी सोडलं, जी मिसळीबरोबर पाव न घेता नुसता रस्सा ओरपते, तिला म्हणायचं तू गहू खातेस?

खात होते. रोज, दोन्ही वेळा, फोडणीतून. बाजारात मिळणारा पूड हिंग हा शुद्ध हिंग नसतो. शुद्ध हिंग इतका उग्र की त्यात डिंक आणि पीठ मिसळूनच तो विकतात, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. डबीवर लिहिलेलं असतं, चष्मा लावून वाचलं तर दिसतं. मी ब्रेडचं पाकीट वाचत होते, बिस्किटाचं वाचत होते. हिंगाची डबी कोण वाचतं? मेतकुटात गहू असतात हे आईला मेतकूट करताना लहानपणापासून पाहिलं होतं, तरी मऊ भातावर ते घेतच होते. भाजणीचंही तेच.

आणि गिरणी. ज्वारी मी निवडून, डब्यात भरून न्यायचे आणि कोपऱ्यावर दळून आणायचे. माझ्या आधी त्याच जात्यात कुणाचे तरी दहा किलो गहू गेलेले असायचे. गिरणीवाल्या काकांनी कधीच काही लपवलं नाही, मीच कधी विचारलं नाही. विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, अख्खी पेठ गहूच दळते." आपल्याकडे एक किलो खाद्यपदार्थात 20 मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन असेल तर त्याला ग्लुटेनमुक्त म्हणता येतं. गव्हानंतर दळलेल्या ज्वारीची त्यात काय कथा! घरघंटी घेतली. तिच्यात गव्हाचा दाणा जात नाही. हिंग तांदळाच्या पिठातला शोधला. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. चारेक महिन्यांनी फळ्यावरचं वर्गमूळ सरळ आलं.

त्या तीन नोंदी मात्र खोट्या नव्हत्या, म्हणून न्याहारीही बदलली. पोहे सोडले नाहीत (ते सोडायला सांगणाऱ्याला पुण्यात राहता येणार नाही). पण पोहे मूठभर कमी, त्यात मटार, दाणे, वर वाटीभर मोड आलेली मटकी. घावनाऐवजी मुगाचं धिरडं. साबुदाणा खायचाच तर बरोबर दही आणि दाण्याची आमटी. चहा बिनसाखरेचा, यावर मी अजून कुरकुरते.

तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून माझा सल्ला इतकाच, की अंग कापायला लागलं की शक्य असेल तर आधी हात धुऊन बोट टोचा, आकडा लिहा, मग खा. मीटर जवळ नसेल तर मात्र त्यासाठी ताटकळू नका, खा. आकडा चांगला आला तर ते लक्षण खोटं नसतं, ते दुसऱ्या कशाचं तरी असतं: लोह, बी-12, थायरॉइड, रक्तदाब, कधी नुसती धास्ती. सिलिॲक असलेल्यांत थायरॉइडचे विकार आणि टाइप-1 मधुमेह जास्त दिसतात, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. उपाशीपोटी किंवा झोपेत साखर उतरत असेल, बोलणं अडखळत असेल, शुद्ध हरपली असेल तर वह्या घालत बसू नका, थेट दवाखाना गाठा. वजन उतरतंय, रक्तदाब कमी आणि सारखं खारट खावंसं वाटतंय, तर तेही सांगा. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी मंदावल्या तरी साखर उतरते, आणि तो आजारही सिलिॲकच्याच गोतावळ्यातला.

आणि तुम्ही तपासणी न करताच गहू सोडला असेल, जो पेठेतल्या निम्म्या बायकांनी सोडलाय, तर आता टीटीजी केली तरी ती नीट सांगणार नाही. ती तपासणी गहू खात असतानाच करायची असते. हे मी सांगितलं की चेहरे पडतात.

राहिलं मीटर. ते आता फ्रिजवर पडून असतं. गेल्या आषाढी एकादशीला सासूबाई सकाळी उठल्या, मधुमेहाची गोळी घेतली, घोटभर चहा घेतला आणि विठ्ठलाला जाऊन आल्या. साडेअकराला पलंगावर बसल्या, कपाळावर घाम. म्हणाल्या, "पित्त उसळलंय गं. आमसूल भिजव." माझ्या हातात आमसुलं होतीसुद्धा. त्यांचा हात धरला तर तो कापत होता, तो कापरा मला चांगला ओळखीचा. बोट टोचलं. 52.

तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी 79. मग खिचडी, दही, दाण्याची आमटी. त्यांची गोळी ग्लिमेपिराइडची. तुम्ही खा नाहीतर उपास करा, ती स्वादुपिंडातून इन्सुलिन काढतेच. डॉक्टर फोनवर म्हणाले, तिचा अंमल लगेच उतरत नाही, संध्याकाळपर्यंत दर दोन तासांनी बघा. पुढच्या आठवड्यात त्यांनी गोळी बदलली आणि उपासाच्या दिवशी काय करायचं ते कागदावर लिहून दिलं. तो कागद देवघरात आहे.

सासूबाईंनी पित्त काही सोडलं नाही. फक्त हल्ली अस्वस्थ वाटलं की हाक येते, "अगं, ते मीटर आण बरं. पित्त किती झालंय बघू."