मागच्या रांगेतला प्रश्न

"मोबाईल बंद करू नका, बाहेर काढा!" निवेदिका म्हणाली आणि सभागृहात चुळबूळ झाली. आज दादरला, शिक्षकांच्या परिषदेत.

क्यूआर कोड स्कॅन करायचा, नाव न देता प्रश्न लिहायचा. जास्त पसंती मिळालेला प्रश्न पडद्यावर वर सरकतो. एरवी माइक पहिल्या तीन रांगांतच फिरतो.

सगळ्यात वर आला : "वर्गात 70 मुलं आहेत. तुम्ही सांगताय ते जमवायचं कसं?" वक्त्यांनी स्लाइड्स थांबवल्या आणि 20 मिनिटं त्यावरच बोलले.

शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "माझा होता. 30 वर्षांत पहिल्यांदा विचारला."

माझ्या अंगावर काटाच आला.

पलीकडच्या सरांकडे मात्र साधा फोन होता. त्यांच्यासाठी चिठ्ठ्यांची एक पेटी ठेवली असती तर?