तुम्ही विचारलंत म्हणून: व्हेर्पाकोव्स्किसच का?

फुटबॉलचा विषय निघाला की आवडता आघाडीपटू कोण, हा प्रश्न येतोच, आणि मी लात्व्हियाच्या मारिस व्हेर्पाकोव्स्किसचे नाव घेतले की दुसरा प्रश्नही ठरलेला असतो. युक्रेनच्या डायनामो कीव्ह क्लबात ज्याला जागा टिकवता आली नाही, ज्याची पुढची वर्षे या क्लबातून त्या क्लबात लोनवर, म्हणजे उसना खेळाडू म्हणून, जाण्यात गेली, अशा खेळाडूत एवढे काय आहे? प्रश्न रास्त आहे. तुम्ही विचारलेत म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

व्हेर्पाकोव्स्किस 1979 साली लात्व्हियातल्या लिएपायामध्ये जन्मला. बाल्टिक समुद्रावरचे हे बंदर पोलादाच्या कारखान्यासाठी ओळखले जाई आणि तिथल्या क्लबाचे नावच ‘लिएपायास मेटालुर्ग्स’ होते. तिथून तो 2001 मध्ये राजधानी रीगाच्या स्कोन्टो क्लबाकडे गेला. त्या काळी लात्व्हियाची लीग म्हणजे स्कोन्टोची जहागीरच होती. 1991 पासून सलग 14 वेळा त्यांनीच विजेतेपद मिळवले. ज्या देशाची लोकसंख्या पुण्यापेक्षाही कमी आणि जिथे लोकांचे खरे प्रेम आइस हॉकीवर, तिथला फुटबॉल संघ युरोपच्या मोठ्या स्पर्धेत पोहोचेल असे कोणी मानत नव्हते.

2004 च्या युरो स्पर्धेच्या पात्रता फेरीत प्रशिक्षक आलेक्सांद्रस स्टार्कोव्स यांनी संघाला एकच गोष्ट पक्की शिकवली होती: मागे दाटीने उभे राहायचे, चेंडू मिळाला की दोन-तीन पासांत पुढे पोहोचवायचा आणि तिथे व्हेर्पाकोव्स्किसने धावायचे. उंचीने तो बेताचाच, हवेतल्या चेंडूसाठी धिप्पाड बचावपटूंशी झुंजणारा नव्हे. पण पहिल्या काही पावलांतला त्याचा वेग असा की बचावपटू वळेपर्यंत तो निसटलेला असे. 11 ऑक्टोबर 2003 रोजी स्वीडनमध्ये त्याच्या एकमेव गोलवर लात्व्हिया जिंकला आणि गटात दुसरा आला. स्वीडनने गट आधीच जिंकला होता, हे मान्य. पण लात्व्हियाला त्या दिवशी हरून चालणार नव्हते, कारण पोलंड मागे टपून बसला होता.

दुसऱ्या क्रमांकाच्या संघांसाठी असलेल्या दोन सामन्यांच्या प्ले-ऑफमध्ये गाठ पडली ती तुर्कस्तानशी, म्हणजे 2002 च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या संघाशी. रीगामध्ये 1-0, गोल व्हेर्पाकोव्स्किसचा. चार दिवसांनी, 19 नोव्हेंबरला, इस्तंबूलमध्ये तुर्कस्तानने 2-0 अशी आघाडी घेतली तेव्हा सगळे संपल्यात जमा होते. मात्र दोनच मिनिटांत युरिस लाइझान्सने फ्री-किकवर गोल केला आणि दोन सामन्यांचे गोल मिळून बरोबरी झाली तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जाई, या तेव्हाच्या नियमामुळे पारडे फिरले. आता तुर्कस्तानला गोलसाठी सगळ्यांना पुढे धाडणे भाग होते आणि त्यांच्या बचावफळीमागे पसरलेले रिकामे मैदान व्हेर्पाकोव्स्किसला आयतेच मिळाले. शेवटच्या पंधरा मिनिटांत तो एकटा निसटला आणि त्याने सामना 2-2 वर आणला. लात्व्हिया मुख्य स्पर्धेसाठी पोर्तुगालला गेला.

तिथला पहिला सामना 15 जून 2004 रोजी आवेरो येथे चेक प्रजासत्ताकाशी होता. आपल्याकडे तो रात्री साडेनऊला सुरू होत असल्यामुळे जागरणाची सबब कोणालाच नव्हती. पूर्वार्धाच्या भरपाईच्या वेळेत आंद्रेय्स प्रोहोरेन्कोव्स डावीकडून सुटला आणि त्याने गोलसमोरून जमिनीलगत चेंडू फेकला. व्हेर्पाकोव्स्किसने स्वतःला झोकून देत पाय लावला आणि गोलरक्षक पेट्र चेख पाहत राहिला. युरो किंवा विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेतला लात्व्हियाचा तो आजवरचा एकमेव गोल आहे. बारोश आणि हाइन्झ यांनी उत्तरार्धात गोल करून सामना फिरवला खरा, पण चेक संघाने त्या गटातले तिन्ही सामने जिंकले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पूर्वार्धाची किंमत कळते. जर्मनीशी 0-0 बरोबरी झाली, तीही नुसता बचाव करून नव्हे. व्हेर्पाकोव्स्किस मध्यरेषेच्या आसपासून बचावपटूंना मागे टाकत जर्मन गोलरक्षक ऑलिव्हर कानपर्यंत पोहोचला होता आणि लात्व्हियाच्या पेनल्टीच्या मागण्या पंचांनी फेटाळल्या. नेदरलँड्सने 3-0 हरवले. त्या सामन्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

आता कीव्हविषयी. 2004 च्या सुरुवातीला डायनामोकडे गेला तेव्हा त्याच्याकडून अपेक्षा मोठ्या होत्या, आणि नोव्हेंबरमध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये रेआल माद्रिदविरुद्धच्या 2-2 च्या सामन्यात त्याने गोलही केला. हा गोल मला महत्त्वाचा वाटतो, कारण रेआल पुढे येऊन खेळणारा संघ होता. युक्रेनच्या लीगमध्ये मात्र डायनामोसमोर बहुतेक संघ स्वतःच्या गोलपुढे भिंत बांधून उभे राहत, आणि धावण्यासाठी मोकळी जागा लागणाऱ्या आघाडीपटूला त्या गर्दीत करण्यासारखे फारसे उरत नसे. लात्व्हियाकडून खेळताना तोच माणूस प्रतिस्पर्ध्यांना डोईजड होई, कारण लात्व्हियासमोर बचाव करत बसणे प्रत्येकालाच कमीपणाचे वाटे. त्याच्यात जिद्द नव्हती, असे म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझे जमत नाही.

पुढे गेताफे, हायदुक स्प्लिट, सेल्टा व्हिगो, क्रीट बेटावरचा एर्गोटेलिस, बाकू असे क्लब झाले. या यादीत रमण्यात अर्थ नाही. पण ऑक्टोबर 2009 मध्ये अथेन्सला ग्रीसविरुद्ध त्याने पूर्वार्धातच दोन गोल करून लात्व्हियाला 2-1 असे पुढे नेले होते. नंतर ग्रीसच्या गेकासने एकट्याने चार गोल पुरे केले आणि ग्रीस 5-2 ने जिंकला, ही गोष्ट वेगळी. राष्ट्रीय संघासाठी 104 सामन्यांत 29 गोल हा लात्व्हियाचा विक्रम आहे. 29 हा आकडा मोठ्या देशांच्या मानाने किरकोळ दिसतो. मात्र ज्या संघाला अनेकदा सामन्याला एखाद-दुसरीच खरी संधी मिळे, त्या संघासाठी हे गोल झाले आहेत.

लिएपायाचा पोलाद कारखाना 2013 मध्ये दिवाळखोरीत निघाला आणि त्याच्यासोबत जुना क्लबही बुडाला. 2014 मध्ये एफके लिएपाया हा नवा क्लब उभा राहिला. व्हेर्पाकोव्स्किसने कारकिर्दीचा शेवट तिथेच केला आणि पुढे क्लबाचे अध्यक्षपदही सांभाळले. 2015 मध्ये या क्लबाने लात्व्हियाची लीग जिंकली.