हा काय अवतार?

केस विस्कटलेले आणि सदरा चुरगळलेला असताना मी बाहेर निघालो, की आई हटकून विचारत असे, ‘हा काय अवतार केला आहेस?’ आपण धारण केलेल्या रूपावरून आपण कसे वागणार हे तिला बहुधा आधीच कळत असावे. व्हिडिओ गेममधील पात्रालाही आज सारे जग अवतारच म्हणते आणि त्या पात्राविषयीच्या संशोधनाने आईचीच बाजू घेतली आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना आभासी जगात निरनिराळी रूपे देण्यात आली होती. देखणा चेहरा मिळालेले लोक समोरच्या अनोळखी व्यक्तीच्या अधिक जवळ जाऊन उभे राहिले आणि स्वतःविषयी अधिक मोकळेपणाने बोलले. दुसऱ्या प्रयोगात १०० डॉलर दोघांत वाटून घ्यायचे होते. तेथे समोरच्यापेक्षा जेमतेम १० सेंटिमीटर बुटके रूप मिळालेल्यांनी अन्यायकारक वाटणी उंच रूपवाल्यांच्या सुमारे दुप्पट प्रमाणात निमूटपणे स्वीकारली. पैशाचे सोंग आणता येत नाही म्हणतात, पण उंचीच्या सोंगाने पैसा कसा फिरतो हे येथे दिसले. खरी मेख पुढेच आहे: समोरच्या माणसाला हा उंचीचा फरक दिसतच नव्हता. म्हणजे इतरांनी वेगळे वागवले म्हणून हे लोक बदलले नाहीत. स्वतःचे रूप पाहून ‘मी असा आहे, तर मी असेच वागणार’ हा निष्कर्ष त्यांचा त्यांनीच काढला. वाटेल ते रूप घेणाऱ्या ग्रीक सागरदेवाच्या नावावरून या परिणामाला ‘प्रोटियस परिणाम’ म्हणतात.

स्वतःच्या चेहऱ्याचे पात्र धावताना पाहिलेल्यांनी पुढच्या २४ तासांत अधिक व्यायाम केला, असे जेसी फॉक्स आणि बेलेन्सन यांना २००९ साली आढळले. त्यामुळे मुले किती तास खेळतात एवढेच मोजणारे पालक मला अर्धाच हिशेब मांडणारे वाटतात. मूल कोण होऊन खेळते, हे क्वचितच कोणी विचारते.

नॉर्वेच्या मात्स स्टेनच्या आईवडिलांनाही ते ठाऊक नव्हते. स्नायू झिजवणाऱ्या दुशेन या आजाराने खुर्चीला खिळलेला हा मुलगा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात इबेलिन नावाचा धडधाकट तरुण होऊन हिंडत असे, लोकांची दुःखे ऐकून घेत असे, प्रेमातही पडत असे. आपला आजार मात्र त्याने सोबत्यांपासून दीर्घकाळ लपवला होता, हेही विसरता येत नाही. सुख देणारे रूप सोडवत नाही आणि खरे सांगितले तर ते गमावण्याची भीती वाटते. २०१४ साली, वयाच्या २५व्या वर्षी तो गेला. मुलगा एकटाच जगला, या दुःखात असलेल्या वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची वार्ता लिहिली, आणि इबेलिनला ओळखणाऱ्या परदेशी माणसांची पत्रे येऊ लागली. त्यांतले काही जण तर अंत्यसंस्कारालाही आले.