किलोमीटरला ३६ रुपये: आमची वाटचाल

२००९ साली सोलापुरात एका जुन्या ट्रॅक्स जीपवर आमचा भाड्याच्या गाड्यांचा धंदा सुरू झाला. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूरच्या फेऱ्या आणि लग्नसराई यांवर पुढची दहा वर्षं निघाली. गाड्या वेळेवर गेल्या, वेळेवर आल्या. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सांगायचं आहे ते २०२० मध्ये घेतलेल्या सहा गाड्यांबद्दल, आणि त्यानंतर सोलापुरात भाव पाडून जो खेळ झाला त्याबद्दल.

सहाही गाड्या एकाच मॉडेलच्या घेतल्या: फोर्सची ट्रॅव्हलर, १७ प्रवासी अधिक ड्रायव्हर. दोन कंपन्यांच्या तीन-तीन घ्या, म्हणजे एकीवर अवलंबून राहावं लागत नाही, असा सल्ला तेव्हा पुष्कळांनी दिला. पण एकाच मॉडेलच्या सहा गाड्या असल्या की एक क्लच प्लेट, एक रिलीज बेअरिंग, एक अल्टरनेटर आणि फिल्टरचे दोन संच कपाटात ठेवले की भागतं. दोन मॉडेल म्हणजे दोन कपाटं. टाटाची विंगरही चालवून पाहिली होती. तिची पायरी खाली असल्यामुळे म्हाताऱ्या माणसांना चढायला ती फार सोपी, यात शंका नाही. पण तिची ओढ पुढच्या चाकांना आहे. गाडी भरली, वर कॅरिअरला सामान चढलं की भार मागे जातो आणि तुळजापूरच्या घाटात नेमकी पुढची पकड कमी पडते. शिवाय पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचं रबरी बूट फाटलं की ग्रीस उडून जातं, आत धूळ शिरते आणि जॉइंट कटकट वाजायला लागतो. मिलच्या गेटसमोरच्या कच्च्या रस्त्यावर असं बूट फार टिकत नाही.

१७ सीटच का? जीएसटी २८ टक्के सगळ्यांनाच होता. पण ड्रायव्हर धरून १० ते १३ माणसांच्या गाडीवर १५ टक्के सेस वेगळा बसायचा. त्याच्या वर सेस नव्हता. म्हणजे पाच सीट कमी घेऊन पैसे जास्त मोजायचे! दुसरी बाजू परमिटची, ती पुढे कळली. २०२१ च्या ऑल इंडिया टुरिस्ट परमिटच्या (देशभर फिरायच्या परवान्याच्या) नियमांत नऊच्या वर आणि २३ च्या आत प्रवासी असलेल्या एसी गाडीला वर्षाला ७५,००० रुपये होते, आणि २३ पासून पुढे तीन लाख. गाणगापूर आणि विजापूर दोन्ही कर्नाटकात, तेव्हा आमच्यासारख्याला २६ सीटर परवडत नाही. नुसतं एमआयडीसीचं शिफ्टचं काम, म्हणजे कामगारांची ने-आण करणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याची गाडी जिल्ह्याबाहेरही जात नाही, त्याने खुशाल २६ सीटर घ्यावी.

गाड्या फेब्रुवारीत पासिंग होऊन आल्या. बीएस-४ (धुराच्या जुन्या मानकाच्या) गाड्यांची नोंदणी ३१ मार्च २०२० ला संपणार होती, त्यामुळे डीलरकडे भावात घासाघीस करायला वाव होता. आम्ही रोख सूट मागितली नाही. फिल्टरचे संच, वाढीव वॉरंटी आणि पहिल्या सर्व्हिसिंगची मजुरी मागून घेतली. डिलिव्हरीच्या दिवशी प्रत्येक टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचायचा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. ४७१९ म्हणजे २०१९ चा सत्तेचाळीसावा आठवडा. एका गाडीची स्टेपनी इतर टायरांपेक्षा दीड वर्ष जुनी निघाली, ती तिथेच बदलून घेतली. बॅटरीची तारीखही अशीच वाचायची. छतावर पाइपने पाणी मारून आतली शिवण पाहायची. एसी सुरू करून थर्मामीटर सगळ्यात मागच्या सीटच्या जाळीशी धरायचा. पुढे गार लागतं, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. सोलापूरच्या मे महिन्यात तक्रार मागच्या बाकावरूनच येते.

महिनाभरात सगळं बंद झालं. मंदिरं नोव्हेंबरच्या पाडव्यापर्यंत उघडली नाहीत, आणि २०२१ मध्ये परत बंद झाली ती घटस्थापनेला उघडली. हप्त्यांना ऑगस्टअखेरपर्यंत सवलत मिळाली, पण व्याज चालूच होतं. मुदत वाढली ती वेगळीच. उभ्या गाड्या कशा सांभाळायच्या हे तेव्हा अनेकांना ठाऊक नव्हतं, म्हणून सांगतो. बॅटरीची मायनस वायर काढून ठेवायची. टाकी भरून ठेवायची, रिकाम्या टाकीत ओल धरते आणि ते पाणी डिझेल फिल्टरमध्ये येतं. हँडब्रेक सोडून चाकाला लाकडी ठोकळा लावायचा, नाहीतर लायनर ड्रमला चिकटतो. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा फेरा ढकलायची, म्हणजे टायर एकाच जागी दबत नाही. पंधरवड्यातून एकदा इंजिन चालू करून दहा मिनिटं एसी लावायचा, कारण गॅसबरोबर तेल फिरलं नाही तर कॉम्प्रेसरचं सील सुकतं. आणि गाडी बंद ठेवत असल्याची सूचना आरटीओला आगाऊ द्यायची. नंतर कितीही रडलं तरी त्या काळाचा कर परत मिळत नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात काम परत सुरू झालं आणि त्याच वेळी शहरातल्या एका ट्रॅव्हल्सवाल्याने एमआयडीसीतल्या कारखान्यांना २६ रुपये किलोमीटरचा भाव दिला. आमचा ३६ होता. तो कसा, ते आम्ही तेव्हाही सगळ्यांसमोर मांडलं होतं, आताही मांडतो. महिन्याला २,५०० किलोमीटर धरा. लिटरला दहाचं ॲव्हरेज आणि डिझेल ९२ रुपये धरलं, म्हणजे २३,००० डिझेलचे. हप्ता ३५,०००. ड्रायव्हर २०,०००. विमा, कर, पासिंग यांचा महिन्याचा वाटा ७,०००. टायर, ऑइल, दुरुस्ती ६,०००. झाले ९१,०००, म्हणजे किलोमीटरला ३६ रुपये आणि वर थोडे पैसे. यात आमचा नफा अजून धरलेलाच नाही. तो वरच्या सुट्टीच्या फेऱ्यांतून काढायचा. हीच गाडी महिन्याला १,५०० किलोमीटर चालली तर तो आकडा ५३ वर जातो. म्हणून करारात किमान किलोमीटरची हमी लिहून घ्या, आणि गॅरेज ते पहिला स्टॉप हे रिकामे किलोमीटरही मोजायला लावा. डिझेल दोन रुपयांनी हललं तर भाव किती हलणार, हेसुद्धा कागदावर पाहिजे.

२६ रुपयांत महिन्याला ६५,००० येतात. त्यातून डिझेल आणि ड्रायव्हर गेले की २२,००० उरतात. त्यात नव्या गाडीचा हप्ताच बसत नाही, मग हे गणित जमतं कसं? दुसऱ्या जिल्ह्यातून आणलेल्या बारा-तेरा वर्षांच्या गाड्या, त्यातल्या काही तर पांढऱ्या, म्हणजे खासगी पाटीच्या. मधल्या वाटेत फळी टाकून चार माणसं जास्त. रात्रपाळी सोडून आलेला ड्रायव्हर लगेच सकाळच्या पाळीला. वडापच (चोरटी प्रवासी वाहतूक) होतं ते, फक्त कारखान्याच्या नावाने चाललेलं.

विम्याचं उदाहरण घ्या. जून २०२२ च्या दरांप्रमाणे सहाच्या वर प्रवासी नेणाऱ्या भाड्याच्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता १४,३४३ रुपये अधिक प्रत्येक प्रवाशामागे ८७७. सतरा जणांचे २९,२५२, वर १८ टक्के जीएसटी. खासगी पाटीची गाडी भाड्याने पळवणारा हे पैसे वाचवतो. पण अपघात झाला की विमा कंपनी गाडीचा क्लेम नाकारते आणि प्रवाशांना द्यावी लागलेली भरपाई मालकाकडून वसूल करायला येते. विनापरमिटचा दंड दहा हजार, तो वेगळा.

आणखी एक गोष्ट तो ट्रॅव्हल्सवाला सांगत फिरायचा: 'माझा जीएसटी नंबर नाही, तुमचे पाच टक्के वाचतील.' हे साफ खोटं होतं. प्रोप्रायटर माणसाने प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला गाडी भाड्याने दिली आणि बिलात जास्तीच्या दराचा जीएसटी लावला नाही, तर पाच टक्के कंपनीनेच रिव्हर्स चार्जमध्ये भरायचे असतात, गाडीवाल्याचा नंबर असो वा नसो. तीन कारखान्यांच्या अकाउंटंटना आम्ही हे लेखी दिलं. एकानेही उत्तर दिलं नाही. तिन्ही काँट्रॅक्ट गेली.

तो पावसाळा फार वाईट गेला. सहांतल्या दोन गाड्या विकाव्या लागल्या. लोन असलेली गाडी विकताना आधी फायनान्सकडून एनओसी आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात घ्या, मगच मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करा. ई-चलन, कर, विमा सगळं त्याच दिवशी तपासा. घेणाऱ्याने नाव बदलेपर्यंत कागदावर मालक तुम्हीच असता, आणि टोलनाक्यावरचा प्रत्येक मेसेज तुमच्याच मोबाइलवर येतो.

चार गाड्या टिकल्या त्या अक्कलकोट रोडवरच्या एका टेरी टॉवेलवाल्यामुळे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनाही २६ चा भाव गेला होता. त्यांनी आम्हाला बोलावून खर्चाचा कागद समोर ठेवायला सांगितला, चष्मा कपाळावर सरकवून ओळ न् ओळ वाचला आणि विचारलं, "टायरचे पैसे यात धरलेत ना?" धरलेत म्हटल्यावर म्हणाले, "मग चालू द्या. सकाळी गाडी अर्धा तास उशिरा आली तर माझे माग तितका वेळ उभे राहतात. ते कुणाच्या बिलात धरायचं?" त्यांचं बिल दर महिन्याच्या सात तारखेला निघायचं, आजही निघतं. इतर ठिकाणी नव्वद-नव्वद दिवस थांबावं लागतं. ज्यांचं असं अडकतं त्यांनी उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी करून बिलावर तो नंबर छापावा. लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत आणि मार्चअखेरपर्यंतही थकले, तर ती रक्कम समोरच्या कंपनीला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. २०२३-२४ च्या आर्थिक वर्षापासून हा नियम आहे, आणि मार्चमध्ये त्याचा उपयोग होतो.

पुढे आरटीओच्या पथकाने त्या माणसाच्या फिटनेस संपलेल्या गाड्या एकाच आठवड्यात लावून ठेवल्या. तीनपैकी दोन कारखाने आमच्याकडे परत आले, आमच्याच भावात. मागच्या व्यवहारातल्या एका महिन्याचं बिल त्यांतल्या एकाने अजून दिलेलं नाही. तो विषय तिथे कुणी काढत नाही, पण आमच्या वहीत ते पान उघडंच आहे. भाव पाडणारा मोकळा सुटतो आणि हिशेबाने चालणाऱ्याला महाग म्हणतात, हे मनातून जात नाही.

सोनं गहाण ठेवून पहिली व्हॅन घेणाऱ्या पोरांना एवढंच सांगणं आहे की गाडी बघायच्या आधी काम बघा. जुनी घेत असाल तर इंजिन गरम झाल्यावर ऑइलचं झाकण उघडा. तोंडातून धुराचे फुत्कार येत असतील तर रिंगा गेल्यात. चासी नंबरचा पंच बोटाने चाचपा. आरसीवरच्या सीट आणि गाडीतल्या सीट मोजून घ्या, एखादी जास्त असली तरी पासिंग अडतं. आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांचं मिळतं, पुढे दरवर्षी; नऊ वर्षांची गाडी स्वस्त का मिळते त्याचं हे एक कारण.

आमच्याकडे रोज सकाळी मिस्त्री तीन वस्तू घेऊन फिरतात: हवेचं गेज, टायरच्या खाचांची खोली मोजायचं गेज आणि चाकाचे नट आवळायचा टॉर्क रेंच. हवा गाडी निघायच्या आधी, थंड टायरमध्येच बघायची. तापलेल्या टायरमधली 'जास्तीची' हवा काढणारा ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी कमी हवेवर गाडी पळवतो, आणि इथल्या उन्हात टायर कडेने फुटतो तो असाच. दोन मिलिमीटरला आम्ही टायर उतरवतो. टॉवेलच्या कारखान्यांत जाणाऱ्या गाड्यांना आणखी एक त्रास आहे: रुईचे बारीक तंतू एसीच्या कंडेन्सरवर गोधडीसारखे बसतात, मग थंडावा कमी होतो आणि बिचाऱ्या गॅसला दोष मिळतो. दर आठवड्याला हलक्या दाबाच्या पाण्याने आतून बाहेर धुवा, जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात. एअर फिल्टरही तिथे लवकर चोंदतो.

२२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेला, या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि छोट्या गाड्यांवरचा सेसही गेला. आम्ही दोन नव्या गाड्या दसऱ्याच्या आत रस्त्यावर आणल्या. दसरा २ ऑक्टोबरला होता. त्याच्या आत गाडी कामाला लागली की वर्षातले १८० दिवस भरतात आणि भाड्याच्या गाडीचा ३० टक्के घसारा पूर्ण मिळतो, नाहीतर निम्मा. तुळजापूरची नवरात्राची गर्दीही पदरात पडली.

या दोन्ही बीएस-६ आहेत आणि त्यांची शिस्त वेगळी आहे. अशोक चौकातून अक्कलकोट रोड एमआयडीसीपर्यंतच्या, जागोजागी थांबणाऱ्या फेरीत सायलेन्सरमधला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) कधी तापतच नाही, काजळी साचत जाते. म्हणून शिफ्टवरची गाडी आठवड्यातून एकदा तुळजापूर किंवा पंढरपूरच्या फेरीवर टाकतो. हायवेवर साठच्या वर, एक गिअर खाली ठेवून वीस मिनिटं सलग चालली की काजळी जळून जाते. डीपीएफचा दिवा लागलेला असताना ड्रायव्हरने मध्येच इंजिन बंद केलं, तर न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. तेव्हा रोज सकाळी ऑइलची पट्टी बघताना पातळी खाली गेली का, एवढंच बघून चालत नाही. वरच्या खुणेच्या वर चढलेली दिसली तर ती गाडी त्या दिवशी लाइनवर जात नाही. ऑइल बदलून मगच निघते.